लेखन समूह-संकेतस्थळावर ठेवावं का? ठरवण्याची क्रमवार पद्धत

मराठीत नव्याने लिहू लागलेली माणसं आधी खातं उघडतात आणि लगेच पहिला लेख टाकतात. ही जागा आपल्या कामाची आहे का, हा प्रश्न त्यांना चौथ्या-पाचव्या लेखानंतर पडतो. तोवर लेख तिथे अडकलेले असतात, चार माणसांशी ओळख झालेली असते, कुणाशी तरी बिनसलेलंही असतं. मग सोडवत नाही आणि राहवतही नाही. पार्ल्यातल्या आमच्या वाचक कट्ट्यावर हा घोळ वारंवार पाहिल्यामुळे आता कुणी ‘कुठे लिहू?’ असं विचारलं की मी संकेतस्थळाचं नाव सांगत नाही, क्रम सांगतो. तोच क्रम इथे देतो आहे.

समूह-संकेतस्थळ म्हणजे जिथे लेखन, वाचक, प्रतिसाद आणि नियम सगळ्यांचे मिळून असतात ती जागा. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही मराठीतली ठळक उदाहरणं; इंग्रजीत ड्रीमविड्थ त्याच जातकुळीतलं. दुसऱ्या टोकाला वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवरची स्वतःची जागा. फेसबुकचे गट आणि व्हॉट्सॲप मी मुद्दाम धरलेले नाहीत. तिथे सहा महिन्यांपूर्वीचा मजकूर लिहिणाऱ्यालाच सापडत नाही, त्यामुळे ‘लेखन ठेवायची जागा’ म्हणून त्यांचा विचार करण्यात अर्थ नाही.

सगळ्या टप्प्यांना मिळून दीड-दोन महिने धरा. त्यातला बहुतेक वेळ वाचण्यात जातो. घाई असेल तर पहिला आणि सहावा टप्पा तरी गाळू नका.

## टप्पा १ : लेखनाची यादी करा, संकेतस्थळांची नको

कागद घ्या आणि तुमच्याकडे असलेलं व येत्या वर्षभरात लिहायचं असलेलं सगळं लेखन उतरवा. वह्या, जुनी पत्रं, फोनमधल्या नोंदी, अर्धवट कथा, सगळं. मग प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा.

सं म्हणजे संवादाचं लेखन: वाचकांनी भर घातली की जे वाढतं. ट्रेकची वाट, पाककृती, एखाद्या शब्दाबद्दलची शंका, जुन्या मुंबईतल्या ट्रामच्या आठवणी.

नों म्हणजे नोंदीचं लेखन: जे जसं आहे तसं, वर्षानुवर्षं एका पत्त्यावर मिळायला हवं. घराण्याची माहिती, गिरणी कामगारांच्या मुलाखती, राष्ट्रीय उद्यानात पाहिलेल्या झाडांची यादी.

प्र म्हणजे पुढे छापून यावं असं वाटणारं: कथा, कविता, कादंबरीचे भाग.

एक उदाहरण घेऊ. गिरगावात चाळीत वाढलेले एक गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेले. चाळ पुनर्विकासात गेली आणि त्यांनी आठवणींच्या तीन वह्या भरल्या. ‘पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हाची रांग’ हे प्रकरण त्यांनी समूहावर टाकलं तर ठाकूरद्वारचा, लालबागचा, काळाचौकीचा कुणीतरी आपल्या चाळीच्या नळाबद्दल लिहील, आणि प्रतिसादांतून मूळ लेखापेक्षा मोठा ऐवज जमेल. हे स्पष्टच सं. पण त्याच वहीत मजल्यावार खोल्या, भाडेकरूंची नावं, कोण कधी राहायला आलं आणि कधी सोडून गेलं, याचा तक्ता आहे. तो नों. त्याला प्रतिसादांची गरज नाही. त्याला अचूकपणा, दुरुस्तीची मुभा आणि टिकाऊ पत्ता हवा. एकाच वहीतल्या दोन गोष्टींना दोन जागा लागतात, हे यादी केल्याशिवाय कळत नाही. ‘माझ्या लेखनासाठी कोणती जागा चांगली?’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा आहे.

सावधान : दिवाळी अंकांचे संपादक सहसा अप्रकाशित साहित्य मागतात. संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असा टाकलेला मजकूर बहुतेक ठिकाणी पूर्वप्रसिद्ध धरला जातो, मग तो चाळीस जणांनी वाचलेला का असेना. प्रची खूण केलेलं काहीही निर्णय होईपर्यंत कुठेच टाकू नका.

तपासणी : यादीत निम्म्याहून जास्त सं असतील तर पुढचे टप्पे नेटाने करा. जवळजवळ सगळं नों असेल तर समूह तुमच्यासाठी मुख्य जागा होणार नाही. तरीही टप्पा ३ आणि ६ वाचा, ते स्वतःच्या जागेलाही लागू आहेत.

## टप्पा २ : वाचकाने काय करावं, ते एका वाक्यात लिहा

‘जास्तीत जास्त लोकांनी वाचावं’ हे उत्तर नाही. पुढच्यासारखं वाक्य जमलं पाहिजे: ‘ज्यांनी हा घाट उतरला आहे त्यांनी माझ्या वाटेतल्या चुका सांगाव्यात.’ किंवा ‘माझ्या कवितेबद्दल न ओळखणाऱ्या माणसाने खरं मत द्यावं.’ किंवा ‘नातवंडांना वीस वर्षांनी हे मिळावं.’ पहिल्या दोन वाक्यांना समूह लागतो, तिसऱ्याला नाही.

आता लोक सगळ्यात जास्त टाळतात तो हिशेब. समूहावर वाचक आपोआप येत नाहीत. ते एकमेकांना वाचणारे लेखकच असतात. तिथे तुम्ही दुसऱ्यांचं वाचता, त्यावर दोन विचारपूर्वक ओळी लिहिता, कुणाच्या शंकेला उत्तर देता, तेव्हा तुमचं नाव ओळखीचं होतं आणि तुमचा धागा, म्हणजे लेख आणि त्याखालची चर्चा, उघडला जातो. रोज अर्धा तास दुसऱ्यांच्या लेखनाला द्यायची तयारी आणि आवड नसेल, तर समूह तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही. ‘मला प्रतिसादच मिळत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांना मी एकच विचारतो: तुम्ही गेल्या महिन्यात किती जणांना दिलेत? माझ्या पाहण्यात या प्रश्नाने निम्म्या तक्रारींचं मूळ सापडतं.

## टप्पा ३ : मजकूर आधी नीट युनिकोडात आणा

हा टप्पा पुष्कळ जण वगळतात आणि मग संकेतस्थळाला दोष देतात. मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या फाँटात टाइप केलेला असेल तर तो संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. रोमन अक्षरांना मराठी रूप चढवलेलं असतं. संकेतस्थळावर चिकटवला की निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसतो. रूपांतरकातून तो युनिकोडात, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरांच्या एकसमान पद्धतीत, आणा, आणि नंतर डोळ्यांनी वाचा. रूपांतरक बहुतेक काम करतो. उरलेल्या चुका ठरावीक जागी असतात.

- रफार आणि अर्धा र. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत. ‘दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ झालेलं नाही ना, ते शोधून पाहा.
- पहिली वेलांटी. ती एक अक्षर पुढे सरकलेली असते.
- ॲ. हे अक्षर युनिकोडात स्वतंत्रपणे आहे, पण पुष्कळ जण ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहितात. दिसायला दोन्ही सारखीच. शोधताना मात्र एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲल्युमिनियम’ दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या शोधात येईलच असं नाही. एक पद्धत ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा.

वर्डमधून थेट चिकटवलं तर फाँट, रंग, ओळींमधलं अंतर असा अदृश्य कचरा सोबत येतो. आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला. जतन करताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) निवडा.

फोटोंबाबत: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो. मूळ फोटो ज्याने काढला त्याच्याकडून ईमेलने मागवा. चाळीच्या जिन्याचा फोटो मोठा करून भिंतीवरची पाटी वाचता येणं आणि न येणं, एवढा फरक पडतो.

## टप्पा ४ : महिनाभर वाचनमात्र राहा

खातं उघडू नका. उघडलंच असेल तर लिहू नका. आधी फक्त वाचा. मात्र मुखपृष्ठ वाचून जागा कळत नाही, पुढच्या चार ठिकाणी जाऊन पाहा.

जुने धागे. दोन-तीन वर्षांपूर्वीचे लेख उघडा. फोटो दिसतात की त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत? अनेक जण फोटो दुसऱ्याच सेवेवर चढवून इथे फक्त दुवा देतात; ती सेवा बंद पडली किंवा खातं रिकामं केलं की प्रवासवर्णनातला सगळा प्रवास पुसला जातो. तुमचा विषय फोटोंवर उभा असेल तर संकेतस्थळ स्वतः फोटो साठवतं का, किती आकाराचे आणि किती संख्येने, हे इथेच ठरवून टाका.

तुमचा विभाग. मिसळपाववर गद्य लेखनाला ‘जनातलं, मनातलं’ आणि चर्चेला ‘काथ्याकूट’ असे वेगळे कप्पे आहेत. बहुतेक समूहांवर अशी काही ना काही विभागणी असते. एकूण गर्दी किती यापेक्षा तुमच्या विभागात काय हालचाल आहे ते पाहा. चर्चांना दोनशे प्रतिसाद आणि कवितांना तीन, अशी स्थिती असेल आणि तुम्ही कवी असाल, तर ती दोनशेची गर्दी तुमच्या काय कामाची?

नवख्याचा पहिला लेख. नव्या सदस्याचं पहिलं लेखन शोधा आणि त्याखालचे प्रतिसाद वाचा. नुसतं ‘छान’, ‘पु.ले.शु.’ (पुढील लेखनास शुभेच्छा) असेल तर सौजन्य आहे, संवाद नाही. टिंगल असेल तर तीही ओळखा. ‘दुसऱ्या परिच्छेदात काळ बदलला आहे, पाहा’ असं कुणी नेमकं सांगितलं असेल, तर त्या जागेला मोल आहे.

भांडण. एखादा तापलेला धागा शेवटपर्यंत वाचा. अवांतर कुठे सुरू झालं, संपादक कधी आले, काय बोलले, प्रतिसाद उडवले की धागा वाचनमात्र केला? डू-आयडी, म्हणजे एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं, घेऊन येणाऱ्यांना आवर घातला का? शांततेच्या काळात सगळेच समूह सुसंस्कृत दिसतात. समूह कसा चालतो ते भांडण मिटवताना कळतं.

सावधान : गणेशोत्सव, दिवाळी आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या काळात उपक्रम, स्पर्धा, अंक यांमुळे समूहांवर झुंबड असते. तेवढ्यावरून मत बनवू नका. एप्रिल-मे किंवा पावसाळ्याची सुरुवात पाहा.

तपासणी : महिन्याअखेरीस तुम्हाला तीन अशी नावं आठवली पाहिजेत, ज्यांचं लेखन दिसलं की तुम्ही आपणहून उघडता. एकही आठवत नसेल तर पुढे जाऊ नका, दुसरा समूह पाहा. इथे माणसांना भेटायची ओढ नसेल तर बाकी सगळ्या सोयी व्यर्थ आहेत.

## टप्पा ५ : नियमांचं पान, चार प्रश्न हातात धरून

नियम पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचायला बसलं की डोळे मिटतात. म्हणून पुढची चार उत्तरं शोधा.

हक्क कुणाचा? लेखन दाखवण्यासाठी संकेतस्थळाला तुमची परवानगी लागतेच; ती मागणारं कलम योग्य आहे. परवानगी ‘कायमस्वरूपी’, ‘इतरांना पुढे देता येणारी’, ‘रूपांतर करण्याची’ अशी वाढत गेली असेल तर थांबा. कथेवर श्राव्य मालिका किंवा चित्रफीत करण्याचा हक्क त्यात जातो का, ते पाहा. कथांच्या ॲपवर लिहिणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं. स्पर्धेत भाग घेताना स्पर्धेचे नियम वेगळे असतात, तेही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. कुणी करारनामा पाठवला तर मुदत, प्रदेश आणि मोबदला या तीन जागा आधी पाहा.

दुरुस्ती किती काळ करता येते? काही समूहांवर प्रकाशित झाल्यावर ठरावीक मुदतीतच बदल करता येतो, काही ठिकाणी संपादकांना निरोप पाठवावा लागतो. यामागे कारण आहे: खाली पन्नास प्रतिसाद आल्यावर लेखकाने मूळ मजकूरच बदलला तर चर्चेला अर्थ राहत नाही. संवादाच्या लेखनाला हे चालतं. नोंदीच्या लेखनाला चालत नाही, कारण तिथे दहा वर्षांनीही एखादं नाव दुरुस्त करावं लागतं.

काढून टाकता येतं का? लेख काढला तर त्याखालचे प्रतिसादही जातात, ते इतरांचं लेखन आहे. म्हणून अनेक समूह सरसकट लेख काढू देत नाहीत. खातं बंद केलं तरी लेख राहतात का, हे स्वतंत्रपणे पाहा.

तक्रार कुणाकडे? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनुसार, लोकांचं लेखन ठेवणाऱ्या संकेतस्थळाने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. ते पान सापडतं का पाहा. निदान चालक कोण आहेत आणि त्यांना निरोप कसा पाठवायचा, एवढं तरी कळलं पाहिजे.

जुन्या पत्रांबद्दल एक वेगळी सूचना. आजोबांच्या वहीवर वा पत्रांवर हक्क वारसांचा असतो, आणि वारस बहुधा एकटे तुम्ही नसता. भावंडांना, चुलत-आत्ये भावंडांना विचारून घ्या, आणि होकार लेखी ठेवा. नुसता व्हॉट्सॲपचा निरोपही नसण्यापेक्षा बरा.

## टप्पा ६ : शिरण्याआधी बाहेरची वाट पाहा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त चुकणारा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२०ला. ज्या समूह-जागांमागे मोठ्या कंपन्या होत्या त्यांची ही कथा. मराठी समूह तर बहुतांशी थोड्या माणसांच्या पदरमोडीवर आणि रात्री जागून केलेल्या कामावर चालतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवायचा, आणि आपल्या लेखनाची प्रत आपल्याकडे ठेवायची. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

क्रम असा ठेवा.

आधी घरची प्रत. प्रत्येक लेखाला एक फोल्डर. नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. आत साधा मजकूर यूटीएफ-८मध्ये, मूळ फोटो, आणि एक छोटी नोंद: कुठे, कधी प्रकाशित केलं, त्याचा दुवा. हे फोल्डर एका पेनड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन साठवणीत, अशा दोन ठिकाणी.

मग निर्यातीचं बटण. वर्डप्रेसमध्ये निर्यात केली की एक एक्सएमएल फाइल मिळते. ती हातात आली की सगळं सुरक्षित झालं असं लोक समजतात. त्या फाइलमध्ये मजकूर असतो, प्रतिसाद असतात, पण फोटो नसतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात. नव्या जागी ती फाइल चढवली की फोटो जुन्या पत्त्यावरून आणले जातात. जुनी जागा तोवर बंद झाली असेल तर फोटो येणार नाहीत. म्हणून फोटोंची साठवण वेगळी उतरवायची, आणि जुनी जागा चालू असतानाच स्थलांतर करायचं.

बटण नसेल तर. समूहावर असं बटण दिसलं नाही, तर प्रत्येक लेख प्रतिसादांसह पीडीएफ करून ठेवायची सवय लावा. प्रतिसाद विसरू नका. चाळीच्या नळावरच्या त्या लेखाखाली काळाचौकीच्या माणसाने लिहिलेल्या पंधरा ओळी तुमच्या वहीत कुठेही नाहीत. मात्र त्या त्यांच्या आहेत; पुस्तकात घ्यायच्या झाल्या तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून परवानगी मागावी लागेल. आणि ते करायचं तर सदस्यनामामागचं माणूस सापडलं पाहिजे, म्हणून चांगला प्रतिसाद आला की तेव्हाच संपर्क करून ठेवा.

शेवटी सार्वजनिक प्रत. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाचा दुवा देऊन ते जतन करता येतं. फक्त सदस्यांना दिसणारी पानं तिथे जात नाहीत.

तपासणी : एक लेख निवडा आणि संकेतस्थळ आज रात्री बंद पडलं असं समजा. घरच्या प्रतीवरून तोच लेख, फोटो योग्य जागी, तासाभरात दुसरीकडे उभा करता येतो का? प्रत्यक्ष करून पाहा. ‘येईल’ असं वाटणं पुरत नाही.

## टप्पा ७ : कोणाला काय दिसेल

मुंबईत राहून मुंबईबद्दल लिहिणाऱ्यांनी इथे थांबायलाच हवं. चाळीबद्दल, सोसायटीबद्दल लिहिताना पागडी, संमतीपत्रं, खोलीचा ताबा, वारसांमधले वाद हे विषय ओघात येतात. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या अमक्यांनी बिल्डरकडून आधीच पैसे घेतले’ हे वाक्य कट्ट्यावर बोलणं वेगळं आणि नावानिशी सार्वजनिक पानावर लिहिणं वेगळं. त्यातून बदनामीची नोटीस येऊ शकते, आणि वाद कोर्टात असेल तर तेच पान पुरावा म्हणून समोर ठेवलं जाऊ शकतं. नावं बदला, खोलीक्रमांक काढा, चालू वाद गाळा.

दिसण्याच्या पातळ्या प्रत्येक जागी वेगळ्या. मायबोलीवर गटात सुरू केलेला धागा सार्वजनिक केला नाही तर गटाबाहेरच्यांना दिसत नाही. नवखे नेमके इथेच चुकतात आणि ‘माझा लेख कुणी वाचलाच नाही’ म्हणत बसतात. ड्रीमविड्थवर प्रत्येक नोंदीला वाचकांची वेगळी यादी लावता येते. तुमच्या निवडलेल्या समूहावर काय सोय आहे ते पाहा, पण त्या सोयीला कुलूप समजू नका. एका सदस्याने स्क्रीनशॉट काढला की संपलं.

नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, घराचा पत्ता, ‘आम्ही पंधरा दिवस कोकणात आहोत’ हे कुठल्याच पातळीवर नको.

## टप्पा ८ : दोन लेखांची चाचणी

आता खातं उघडा. सदस्यनाम विचारपूर्वक घ्या, नंतर ते बदलता येईलच असं नाही. पुढे पुस्तक काढायचा विचार असेल तर स्वतःच्या नावाजवळचं बरं.

संची खूण असलेले दोन लेख निवडा. एक तुमचा हातखंडा असलेल्या विषयावरचा आणि एक प्रश्न विचारणारा. तुमचं सर्वात लाडकं लेखन चाचणीला लावू नका. दोन्हींमध्ये दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवा आणि मधल्या काळात इतरांच्या धाग्यांवर प्रतिसाद देत राहा.

लेख संकेतस्थळाच्या चौकटीत टाइप करू नका. लोकलमध्ये रेंज गेली, पान ताजं झालं, आणि मजकूर गेला, असं होतंच. फोनच्या नोंदवहीत लिहा, मग चिकटवा. प्रकाशित करण्याआधी पूर्वपरीक्षण फोनवर पाहा, कारण वाचकही फोनवरच वाचणार आहेत.

तुलनेसाठी तिसरा लेख स्वतःच्या जागेवर टाकून पाहायला हरकत नाही. त्यासाठी एक सूचना. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करतं, त्या पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, पत्त्यात ९ चिन्हं खातं. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक तुटतं. ‘गिरगावातल्या चाळीतली पहाट’ असं शीर्षक दिलं तर पत्त्यातून शेवटचा ‘ट’ गळतो. शिवाय दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक घाबरून ती उघडत नाहीत. शीर्षक मराठीतच ठेवा. पत्ता मात्र छोटा, रोमन अक्षरांत स्वतः लिहा. प्रकाशित करण्याआधीच, कारण नंतर बदलला तर आधी पाठवलेले दुवे तुटू शकतात.

चाचणीत वाचनसंख्या पाहू नका. हे पाहा: अनोळखी माणसांनी किती प्रतिसाद दिले, त्यातल्या कितींनी लेखातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीला हात घातला, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं असं काही मिळालं का. तीन आठवड्यांनी लेखातला एखादा विशेष शब्द टाकून संकेतस्थळाच्या शोधात आणि गूगलवर शोधा. पहिल्या पानावरून खाली गेलेला धागा सापडतच नसेल तर ती जागा चालू गप्पांची आहे. गप्पांसाठी ती उत्तमच; लेखमालेसाठी नाही.

सावधान : कट्ट्यावरच्या मित्रांना ‘जाऊन प्रतिसाद द्या’ असं सांगू नका. समूहाला ते लगेच कळतं, डू-आयडीचा संशय येतो, आणि तुमची चाचणीही फुकट जाते.

## टप्पा ९ : निर्णय

टप्पा १ची यादी परत समोर घ्या आणि एकेका नोंदीसाठी ठरवा.

संवादाचं लेखन, महिनाभरात सापडलेली तीन नावं, नेमके प्रतिसाद आणि घरची प्रत तयार, एवढं जमलं असेल तर निर्धास्तपणे समूहावर लिहा. नोंदीचं लेखन स्वतःच्या जागेवर ठेवा आणि त्यातला एखादा तुकडा समूहावर देऊन चर्चा घडवा. पूर्ण लेख दोन्हीकडे टाकायचा असेल तर समूहाच्या नियमांत त्याला मनाई नाही ना, ते आधी पाहा. नुसता दुवा टाकून पळ काढणाऱ्यांना कुठलाच समूह आपलं मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. छापायचं लेखन घरीच.

माझं स्पष्ट मत असं, की मराठीत पहिल्यांदा गंभीरपणे लिहिणाऱ्याने वर्षभर तरी समूहावर लिहावं. एकट्याच्या जागेवर लिहिताना चूक दाखवणारं कुणी नसतं, आणि लिहिण्याची सवय टिकते ती उद्या कुणीतरी वाचणार आहे या खात्रीने. पण मुलाखती, वंशावळी, वस्तीचा इतिहास असं काम करणाऱ्याने समूहाला कधीही एकमेव जागा करू नये.

खर्च थोडक्यात: समूह बहुधा विनामूल्य असतात. ब्लॉगरही विनामूल्य आहे. वर्डप्रेसच्या विनामूल्य योजनेत वाचकाला जाहिराती दिसतात. स्वतःच्या जागेसाठी वेगळं नाव (डोमेन) विकत घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर विचारा.

आणि लिहिणारा एक माणूस नसून ज्येष्ठ नागरिक संघ, ट्रेकिंगचा गट किंवा सोसायटीची समिती असेल तर आणखी एक काम आहे, आणि ते खातं उघडण्याआधीच करायचं. खातं एखाद्या उत्साही सभासदाच्या खासगी ईमेलवर आणि मोबाइलवर उघडलं जातं. तो मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी गेला, नंबर बंद झाला, की ओटीपी कुणालाच मिळत नाही आणि संस्थेचे दहा वर्षांचे लेख कुलूपबंद होतात. संस्थेच्या नावाने वेगळा ईमेल काढा, त्याला दोन जणांचे मोबाइल क्रमांक जोडा, परवलीचा शब्द बंद पाकिटात सचिवांच्या कपाटात ठेवा, आणि वार्षिक सभेच्या इतिवृत्तात कोण जबाबदार आहे ते नोंदवा. कार्यकारिणी बदलली की त्याच दिवशी नवे दोन क्रमांक जोडायचे.